आधीचं पोट

काटासाहेबांचं पोट नोकरीत असताना कधी बोललं नाही. वजनमापं तपासायच्या खात्यात उभी हयात गेली. उन्हातान्हात, उपाशीतापाशी बाजार पालथे घातले, पण पोटाने कधी हूं की चूं केलं नाही. ते बोलायला लागलं निवृत्तीनंतर, तब्येत सुधारायला घेतल्यावर. आणि बोलायला लागलं ते असं की चारचौघांत बसायची सोय उरली नाही.

काटासाहेब हे अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, ते दुकानदारांनी दिलेलं. साहेब दुकानात शिरले की चहा नको, पाणी नको, खुर्चीही नको. पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी रिकामा काटा दाखवा." पारड्यात काहीच नसताना काटा शून्यावर उभा राहतो की नाही, हे बघायचं आणि मग पुढचं. ज्याचा रिकामा काटा खोटा त्याचं पुढचं सगळंच खोटं, असं त्यांचं म्हणणं. एका किराणावाल्याने पारड्याखाली लोहचुंबक चिकटवला होता. साहेबांनी भर गर्दीत वाकून तो नखाने सोलून काढला आणि काटा जप्त केला. किराणावाला गयावया करत राहिला, साहेबांच्या कपाळावरची आठीसुद्धा हलली नाही.

असा माणूस बाजाराला परवडतो, घराला नाही. पोराने वर्गात दुसरा नंबर काढला तर साहेब विचारणार, "वर्गात मुलं किती होती?" पोराने मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, ते बसलं. मग सहली न्यायचा धंदा काढला, तोही बसला. प्रत्येक वेळी साहेबांनी तेच ऐकवलं, "मी आधीच म्हणालो होतो." पोरगा एक दिवस बिऱ्हाड घेऊन वेगळा झाला. फोन करायचा तो आईला. "बाबा बरे आहेत ना? बरं, ठेवतो." साहेब पेपर तोंडापुढे धरून हे ऐकायचे, आणि पान उलटायचं विसरायचे.

म्हणून चिरंजीव एका सकाळी न सांगता उगवले आणि आईशी बोलायचं सोडून थेट बापाशेजारी कोचावर बसले, तेव्हा साहेबांना काय करावं सुचेना. त्यांनी उगाचच चष्मा पुसला.

"बाबा, जिम काढतोय," पोरगा म्हणाला. "साठीच्या पुढच्यांसाठी. जागा बघून झालीय. पण म्हातारे लोक पोरांचं ऐकून येत नाहीत. त्यांना त्यांच्यातलाच कोणीतरी दाखवावा लागतो. मला तुम्ही हवे आहात."

"मी?"

"आख्ख्या बाजारात एक माणूस दाखवा, जो म्हणेल काटासाहेब खोटं बोलले. लोक तुमच्याकडे बघून येतील."

पोराला बाप हवा होता. कशासाठी का असेना, हवा होता. बायको चहाचे कप घेऊन बाहेर येईपर्यंत साहेब हो म्हणून मोकळे झाले होते.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी वजनाचं मशीन आणलं. साहेब चढायच्या आधी म्हणाले, "रिकामा काटा दाखव." पोरगा हसला. मशीन शून्य दाखवत होतं. साहेबही हसले. बापलेक एकाच गोष्टीला हसले, हे बघून बायकोचे डोळे भरून आले आणि ती कांदा चिरायच्या निमित्ताने आत गेली. त्या आनंदात वजन घेतलं, दंडाचा घेर मोजला, पोटाचा मोजला, पण फोटो काढायचं कुणालाच आठवलं नाही. सुरुवातीचे साहेब कसे दिसत होते, याचा कुठेच पुरावा राहिला नाही. जन्मभर दुसऱ्यांना रिकामा काटा दाखवायला लावणारा माणूस नेमका स्वतःच्या बाबतीत चुकला.

मग सुरू झाला आहार. भात बंद, ब्रेड बंद, बटाटा बंद. फळंही बंद, कारण फळांत म्हणे साखर. सकाळी अंड्यांचा पांढरा भाग, एवढा की बायकोला पिवळ्याचं काय करावं कळेना. त्यावर दुधात ढवळलेली प्रथिनांची पावडर. दुपारी उकडलेलं चिकन, ना तिखट ना तेल. संध्याकाळी उकडलेले हरभरे आणि पुन्हा पावडर. चिरंजीव म्हणायचे, प्रथिनं म्हणजे शरीराच्या विटा. साहेब विटा गिळत राहिले.

खोटं कशाला बोला, फरक पडला. रोज सकाळी पोरगा गाडी घेऊन यायचा, अर्धवट रंगवलेल्या जिममध्ये न्यायचा आणि डंबेल हातात द्यायचा. साहेबांचं कोपर खालून धरायचा, मोजायचा आणि शेवटी म्हणायचा, "शाब्बास, बाबा!" पोराचा हात अंगाला लागून किती वर्षं झाली होती ते साहेबांना आठवेना. शाळेत सोडताना बोट धरायचा, तेवढंच. आता रोज कोपर धरत होता. साहेब त्या एका शब्दावर आणि त्या हातावर जगायला लागले. दंड भरले, गाल बसले, पाठ ताठ झाली. एका सकाळी चिरंजीवांनी त्यांना निळा बनियन घालायला दिला, दंडांना तेल लावलं, पोट आत घ्यायला सांगितलं आणि दिव्याखाली उभं करून फोटो काढला. तो फोटो साहेबांनी बायकोला इतक्या वेळा दाखवला की ती म्हणाली, "अहो, लग्नातसुद्धा एवढं बघितलं नव्हतं तुम्ही स्वतःकडे."

पण पोट बोलत होतं. पहिल्या आठवड्यापासूनच. आधी गुडगुड, मग गडगड, मग ज्याला सभ्य भाषेत शब्द नाही ते. बागेतल्या बाकावर चार निवृत्तांचा पत्त्यांचा डाव असायचा. तिथे एकदा साहेबांच्या हातात चांगली पानं होती आणि पोटाने दगा दिला. तिघांनीही अतिशय शांतपणे आपापली पानं नाकापर्यंत वर उचलली. साहेब दुसऱ्या दिवसापासून डावाला गेले नाहीत. लिफ्टमध्ये कोणी असलं की जिन्याने जायला लागले, आणि शेजारी कौतुकाने म्हणायला लागले, बघा, या वयात जिना चढतात!

"पोटाचं सांगा ना त्याला," बायको म्हणायची.

"सांगितलं. सवय होईल म्हणाला."

"सवय कसली? चार-चार दिवस पोट साफ होत नाही तुमचं. तोंड उतरलंय. मी पपई आणलीय, दोन फोडी खा. त्याला कोण सांगायला जातंय?"

"म्हणजे चोरून?"

"नवऱ्याने घरात पपई खाल्ली तर ती चोरी होते का हो?"

"ठरलंय ते ठरलंय," साहेब म्हणाले. बायकोने पपईची बशी उचलली आणि फ्रिजमध्ये अशी आपटली की आतल्या बाटल्या वाजल्या. तिचंही बरोबर होतं. जन्मभर या माणसाचा नियम तिने गिळला होता, आता तो तोच नियम स्वतः गिळत होता, आणि दोन्हींचा त्रास तिलाच.

उद्घाटन जवळ आलं तसे चिरंजीव उतावळे झाले. पावडर दुप्पट झाली. मधल्या वेळेला चिकनची आणखी एक वाटी आली. आणि साहेबांचं पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलं. पँटचं बटण लागेना. जेवायला बसलं की मळमळायचं, आडवं झालं की छातीत जळजळायचं, उठलं की कळ यायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. फरक एवढाच की तोंड त्यांचं त्यांनीच दाबलं होतं. पोराला 'जमत नाही' म्हणावं तर पोरगा म्हणणार, ठीक आहे बाबा, राहू द्या. आणि पुन्हा तो फोन सुरू होणार, आईच्या कानाला लावलेला. त्यापेक्षा कळ बरी. पोटच्या गोळ्यासाठी पोटात गोळा, असं ते स्वतःशीच म्हणाले आणि एकटेच कसनुसं हसले.

एका दुपारी चिरंजीव अचानक आले. साहेब पलंगावर पडले होते. दाढी वाढलेली, पायजम्याची नाडी सैल. बायकोने रबरी पिशवी गरम पाण्याने भरून पोटावर ठेवली होती. पोराला बघून साहेबांनी घाईघाईने पिशवी बाजूला सारली.

"काय झालं बाबा?"

"काही नाही रे. जरासं जड झालंय."

"बघू, उभे राहा. सदरा काढा."

साहेब उभे राहिले. खांदे पडलेले, पोट पुढे आलेलं, आणि त्या पोटावर गरम पिशवीने उमटवलेला रेघारेघांचा लाल चौकोन. पोरगा बघत राहिला. खूप वेळ बघत राहिला. साहेबांना वाटलं, याच्या डोळ्यांत पाणी येतंय की काय. मग त्याने मोबाइल काढला आणि फोटो घेतला. एक समोरून, एक बाजूने.

"फोटो कशाला?"

"आमच्या आहारवाल्या बाई आहेत ना, त्यांना पाठवतो. त्या सांगतील काय बदलायचं ते. तुम्ही काळजी करू नका."

पोरगा गेल्यावर साहेब बायकोला म्हणाले, "बघितलंस? न सांगता कळलं त्याला. फोटो काढून नेला. मी कधी त्याचा ताप तरी बघितला होता का?"

बायकोने पिशवीतलं पाणी बदललं. तिने पिशवी पुन्हा पोटावर ठेवली.

पुढे रोज जिममध्ये साहेब जमेल तितक्या सहजपणे विचारायचे, "बाईंचं काही उत्तर?" पोरगा म्हणायचा, "येईल, बाबा. गडबडीत असतील." साहेबांना उत्तराची तशी घाई नव्हती. आपलं दुखणं पोराच्या खिशात आहे, तो ते कुणाला तरी दाखवतोय, एवढ्यानेच अर्धं दुखणं हलकं झालं होतं. माणूस किती थोड्यात भागवतो!

उद्घाटनाच्या दिवशी जिमपुढे मांडव, खुर्च्या, फुगे. दारावर भला मोठा फलक होता, पांढऱ्या कापडाने झाकलेला. साहेब नवा शर्ट घालून, पट्टा सैल करून, बायकोसोबत आले. दाराशी टेबलामागे एक चष्मेवाली बाई पाहुण्यांना पत्रकं देत होती. तीच आहारवाली बाई, असं कळल्यावर साहेब संकोचत जवळ गेले.

"बाई, माझे फोटो मिळाले असतील तुम्हाला. पोटाचे. घाई नाही, पण जरा सांगितलंत तर बरं होईल."

"कसले फोटो, बाबा? मला काहीच नाही आले." बाई चांगल्या होत्या. त्यांनी साहेबांकडे नीट पाहिलं. "पोटाला त्रास होतोय का? काय काय खाता?"

साहेबांनी सांगितलं. बाईंच्या हातातली पत्रकं तशीच राहिली.

"अहो, एवढं कोणी सांगितलं तुम्हाला? मी लिहून दिलं होतं त्यात भाजी होती, फळं होती, थोडा भात होता. पाणी भरपूर प्यायचं, आणि प्रथिनं हळूहळू वाढवायची, पोटाला झेपेल तशी. तुमच्या वयाला एकदम असं केलं तर पोट फुगणारच. आणि पावडर दुधातून? ती तर आधी बंद करा. आणि एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या."

"असं होय," साहेब म्हणाले. "त्याच्या लक्षात राहिलं नसेल. कामं फार आहेत त्याला."

तेवढ्यात टाळ्या वाजल्या. चिरंजीवांनी दोरी ओढली आणि कापड खाली आलं.

फलकावर दोन फोटो होते. उजवीकडे निळ्या बनियनातले ताठ काटासाहेब, दंडावर तेल, खाली लिहिलेलं 'नंतर'. आणि डावीकडे, त्याच मापाचा, पडल्या खांद्यांचा, वाढल्या दाढीचा, तट्ट पोटाचा एक म्हातारा. खाली लिहिलेलं 'आधी'.

साहेबांना आधी वाटलं, आपण असे होतो? आपल्याला कसं आठवत नाही? मग त्यांना पोटावरचा लाल चौकोन दिसला. रेघारेघांचा. फोटो एवढा मोठा केला होता की रेघा मोजता आल्या असत्या.

बायकोला त्यांच्याआधी दिसला होता. तिने पिशवी ठेवली होती, तिला नाही ओळखू येणार तर कोणाला? ती म्हणाली, "अहो, हा तर त्या दिवशीचा..." आणि साहेबांनी तिचा हात एवढ्या जोरात दाबला की तिच्या बांगडीचा वळ उठला.

लोक टाळ्या वाजवत होते. पत्त्यांच्या डावातले तिघेही आले होते आणि सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांच्याच होत्या. कोणीतरी म्हणालं, कमाल आहे, काय होतं आणि काय झालं! साहेबांच्या पोटात गुडगुडलं. मांडवातल्या गाण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

आणि गर्दीतून किराणावाला पुढे आला. तोच, चुंबकवाला. केस पिकलेले, पोट सुटलेलं, दोन पायऱ्या चढून धाप लागलेली. साहेबांनी त्याला लगेच ओळखलं. त्यानेही हात जोडले, पण आता त्या जोडलेल्या हातांत भीती नव्हती.

"साहेब, ओळखलंत ना? तुम्ही माझा काटा उचलून नेला होता. त्या दिवशी शिव्या घातल्या तुम्हाला, खोटं नाही बोलत. पण त्यानंतर कधी मापात मारलं नाही. पोरालाही मारू दिलं नाही." त्याने फलकाकडे मान केली. "डॉक्टर म्हणतात वजन उतरवा. मला या असल्या जाहिरातींचा भरवसा नाही. सगळे चोर. पण हे तुम्ही आहात म्हणून विचारतो. तुम्ही सांगाल ते खरं. हे असं खरंच होतं का?"

साहेबांनी वर बघितलं. किराणावाल्याच्या मागे दारात पोरगा उभा होता. हसू चेहऱ्यावर होतं, पण श्वास अडकलेला होता. तो चेहरा साहेबांच्या ओळखीचा होता. जन्मभर त्यांनी तो गल्ल्यामागे बघितला होता. साहेब पारड्याखाली वाकायला लागले की प्रत्येक खोट्या दुकानदाराचा चेहरा असाच व्हायचा. तेव्हा ते वाकायचे आणि नखाने खरवडायचे. ते त्यांना कधी जड गेलं नव्हतं.

आज एक शब्द पुरला असता. जिम बसली असती, मोबाइलच्या दुकानासारखी, सहलीच्या धंद्यासारखी. आणि पोरगा आईला फोन करून विचारत राहिला असता, बाबा बरे आहेत ना?

आपलेच दात, आपलेच ओठ.

"बरोबर आहे," काटासाहेब म्हणाले. "माप बरोबर आहे."

"बस्स! तुम्ही म्हणालात, विषय संपला," किराणावाला म्हणाला, आणि पट्टा वर ओढत आत गेला. त्याच्यामागून पत्त्यांच्या डावातले तिघे गेले, मग आणखी कोणी कोणी गेले. आत वजनाच्या मशीनपुढे रांग लागली. रिकामा काटा दाखवा, असं कोणी म्हटलं नाही. साहेबांचा शब्द होता, मग मशीन कशाला तपासायचं?

गर्दी आत सरकल्यावर पोरगा जवळ आला. त्याच्या हातात पावडर घातलेल्या दुधाचा मोठा पेला होता. त्याने दुसऱ्या हाताने बापाचं कोपर धरलं, नेहमीसारखं, खालून.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "आधीचा फोटो नव्हता ना आपल्याकडे. दुसरं काय करणार होतो?"

साहेबांची नजर त्याच्या हातातल्या पेल्यावर गेली.

"घ्या. फोटोवाला थांबलाय, पिताना एक घेऊ." मग आवाज चढवून, लोकांना ऐकू जाईल असा, "शाब्बास, बाबा!"

याच शब्दासाठी त्यांनी एवढ्या विटा गिळल्या होत्या. आज तो भर गर्दीत हातात आला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी तो मनातल्या मनात तोलला. काटा जागचा हलला नाही.

त्यांनी पेला तोंडाला लावला. फोटोवाला म्हणाला, "जरा हसा की, काका." साहेब हसले. फोटोवाल्याने बायकोला चौकटीत यायला सांगितलं, तर ती कधीच मांडवाबाहेर गेली होती आणि एकटीच घराच्या दिशेने चालत होती.